बरोबरीत सुटलेला डाव : टपालातले बुद्धिबळ आणि मद्रासचा गुलाम कासिम

पनवेलच्या आमच्या जुन्या घरात एक पत्र्याची पेटी होती. मामूंच्या इंतकालानंतर ती उघडली, तेव्हा वरच्या थरात रेशनकार्ड, लाइट बिले आणि लग्नाच्या पत्रिका निघाल्या. तळाशी सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. १५ पैशांची पिवळट कार्डे. प्रत्येकावर तारीख, दोन ओळी खुशालीच्या आणि मधोमध चार आकडे. ५२५४. ५७५५. ६२६४. ५५६४.

घरातल्या नव्या पिढीला वाटले, कुणाचे तरी खातेक्रमांक असावेत. मला मात्र ते आकडे ठाऊक होते. लहानपणी मामूंनी मला ते वाचायला शिकवले होते. बुद्धिबळाच्या पटावर उभ्या आठ रांगा आणि आडव्या आठ रांगा. दोन्हींना एक ते आठ क्रमांक द्यायचे. पहिले दोन आकडे म्हणजे सोंगटी ज्या घरात उभी आहे ते घर, पुढचे दोन म्हणजे ती जिथे जाणार ते घर. ५२५४ म्हणजे राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे. ना भाषेची अडचण, ना लिपीची. मराठी माणूस, रशियन आणि अर्जेंटिनाचा माणूस एकमेकांचा एक शब्दही न समजता याच आकड्यांत वर्षानुवर्षे खेळत आले. दुसऱ्या महायुद्धात अशी कार्डे सेन्सॉरला गुप्त निरोप वाटत, आणि अमेरिकेतून परदेशी टपालाने बुद्धिबळ खेळण्यावर बंदीच आली होती. चार आकडे पाहून संशय येणे तसे स्वाभाविकच म्हणायचे.

त्या गठ्ठ्यातला डाव १९९२च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि १९९३च्या मे महिन्यात संपला. निकाल बरोबरी. समोर विदर्भातल्या एका गावचे शाळामास्तर होते. मामूंनी त्यांना कधी पाहिले नाही, त्यांनी मामूंना पाहिले नाही. या डावाविषयी लिहायचे असे बरेच दिवस मनात होते. पण तो समजून घ्यायचा तर आधी बगदादला आणि मग मद्रासला जाऊन यावे लागते.

पत्र आणि पट

बुद्धिबळ आणि पत्र यांचे नाते टपालखात्याहून फार जुने आहे. इसवी सन ८०२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर नायसेफोरस हा नवा सम्राट बसला. त्याच्या आधीची सम्राज्ञी आयरीन बगदादच्या खलिफाला खंडणी देत असे. नायसेफोरसने ती बंद केली आणि खलिफा हारून अल-रशीदला पत्र धाडले. त्याचा मथितार्थ असा, की माझ्या आधीच्या राणीने तुला रुखाच्या जागी बसवले आणि स्वतः प्यादे झाली. हा तिचा दुबळेपणा होता, घेतलेला पैसा परत कर. हारूनने त्याच पत्राच्या पाठीवर उत्तर लिहून ते परत पाठवले आणि मागोमाग फौज घेऊन निघाला. तबरी या इतिहासकाराने हा प्रसंग नोंदवला आहे. दोन साम्राज्यांच्या भांडणात पटावरच्या सोंगट्यांची उपमा दोन्हीकडे न समजावता समजत होती, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

भारतातला चतुरंग इराणात गेला आणि चतरंग झाला, अरबांकडे गेला आणि शतरंज झाला. अरबांनी त्याच्यावर पुस्तके लिहिली. नवव्या शतकात अल-अदलीने, दहाव्या शतकात अस-सुलीने. पट न पाहता खेळण्याची कला आज मोठमोठ्या सभागृहांत दाखवली जाते. ती सईद इब्न जुबैर या ताबईंना अवगत असल्याचे सांगतात. पटाकडे पाठ करून ते बसत आणि खेळी तोंडी सांगत. इ.स. ७१४ मध्ये हज्जाजने त्यांची हत्या करवली, म्हणजे ही गोष्ट तेराशे वर्षांपूर्वीची.

हा खेळ जायज की नाजायज, यावर फकिहांचे मतभेद झाले. हनफी आणि मालिकी मतांनी कडक भूमिका घेतली. इमाम शाफईंनी त्याला नापसंत म्हटले, पण हराम ठरवले नाही. पैज लागू नये, नमाज चुकू नये, तोंडी शिवीगाळ येऊ नये, या अटी. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. मामूंच्या पटाशेजारी घड्याळ असे ते याच कारणाने. अजान झाली की पट तसाच सोडून ते उठत. टपालाच्या डावात तर ही अडचणही नव्हती. एका खेळीला तीन दिवस विचार केला तरी पाचही वक्त सांभाळून होत असे.

जुन्या शतरंजमध्ये डावाची सुरुवात संथ असे. आजचा वजीर तेव्हा फर्जी होता आणि तिरपे एकच घर सरकत होता. त्यामुळे दोन्ही फौजा समोरासमोर येईपर्यंत दहा-बारा खेळ्या सहज जात. अरब खेळाडूंनी या मांडण्यांना नावे दिली आणि त्यांना ‘तअबिया’ म्हटले. तअबिया म्हणजे फौजेची मांडणी, व्यूह. हा शब्द थोड्या बदलत्या उच्चाराने आजही जगभरचे बुद्धिबळपटू वापरतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात नियम बदलले. फर्जीच्या जागी आठही दिशांना धावणारी राणी आली, उंटाला लांब पल्ला मिळाला. तेव्हापासून पहिल्या दहा खेळ्यांतच डाव पेटू लागला. तिखट सुरुवातीचा जन्म तिथला.

मराठीने मात्र यातले सगळे थर जपून ठेवले. खेळाचे नाव बुद्धिबळ, संस्कृताच्या वळणाचे. हत्ती, घोडा, उंट आपले. शह, मात, वजीर, प्यादे फारसीतून आलेले. ‘काटशह’ या शब्दात तर काट आपली आणि शह इराणचा. ‘प्याद्याचा फर्जी झाला’ असे म्हणणाऱ्या आजीला फर्जी हा शब्द फारसीतून आला हे माहीत नसे, आणि त्यावाचून तिचे काही अडतही नसे.

पुण्याचे शास्त्री, मुंबईचे पुस्तक

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे अजून देशी पद्धतीनेच खेळ चाले. प्यादे ज्या सोंगटीच्या रांगेत शेवटच्या घरी पोचेल त्या सोंगटीचे रूप घेई. राजाला किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसण्याआधी एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची.

दुसऱ्या बाजीरावाच्या त्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री या जाणकाराने संस्कृतात बुद्धिबळाच्या कूटस्थिती रचल्या. १८१४ मध्ये मुंबईत त्यांचे इंग्रजी पुस्तक छापून निघाले, आणि ते युरोपीय खेळाच्या पद्धतीला जुळवून घेतलेले होते. पेशवाई बुडायला अजून चार वर्षे होती. म्हणजे फौजा खडकी आणि कोरेगावला भिडण्याआधीच दोन पद्धती पटावर समोरासमोर आल्या होत्या, आणि आपल्या शास्त्रीबुवांनी समोरच्याचे नियम शिकून घेतले होते.

तेव्हाचे पनवेल म्हणजे बंदर. मुंबईहून पुण्याला जायचे तर होडीने खाडीतून पनवेल गाठायचे आणि तिथून खोपोलीवरून बोरघाट चढायचा. घाटातला गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमने १८३० मध्ये खुला केला. त्याआधी माणसे पालखीत, सामान बैलांच्या पाठीवर आणि पत्रे धावणाऱ्यांच्या खांद्यावर. मराठेशाहीत त्यांना जासूद म्हणत, मुसलमानी अमलात हरकारे. चौकी ते चौकी धावायचे, थैली पुढच्याच्या हाती द्यायची. पावसाळ्यात ओढे भरले की थैली अडून राही. पाव आण्याचे पोस्टकार्ड यायला १८७९ साल उजाडावे लागले.

अशा टपालाच्या भरवशावर हिंदुस्थानातल्या दोन शहरांनी एकमेकांशी बुद्धिबळाचे डाव मांडले. ती शहरे म्हणजे मद्रास आणि हैदराबाद.

गुलाम कासिम

हा सामना १८२८च्या सुमारास झाला, दोन डावांचा. मद्रासच्या बाजूचे मुख्य सूत्र गुलाम कासिम या खेळाडूच्या हाती होते. दोन शहरांमध्ये सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर, मध्ये कृष्णेसारखी नदी. पलीकडचे हैदराबाद म्हणजे निजामाची राजधानी. आपले औरंगाबाद आणि बीड तेव्हा त्याच राज्यात होते.

१८२९ मध्ये मद्रासला एक पुस्तक छापले गेले. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, मुझिओ गॅम्बिट नावाच्या अत्यंत तिखट सुरुवातीचे सविस्तर विश्लेषण. दोन, मद्रास-हैदराबाद सामन्याचे दोन्ही डाव, टिपणांसह. मुखपृष्ठावर दोन नावे होती. मद्रासच्या डावांचे सूत्र सांभाळणारा गुलाम कासिम, आणि मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला जेम्स कॉक्रन. गुलाम कासिमचे नाव आधी.

याचे मोल काळाच्या संदर्भात पाहावे लागते. १८२९ मध्ये कंपनी सरकारच्या दफ्तरात देशी माणूस दुभाषा, मुन्शी, शिरस्तेदार म्हणून दिसतो. साहेब लिहितो आणि मुन्शी माहिती पुरवतो, अशी विभागणी. हजारो पुस्तके अशी निघाली, की ज्यात ज्ञान एकाचे आणि नाव दुसऱ्याचे. या पुस्तकात मात्र खेळणारा माणूस स्वतःच्या नावानिशी उभा आहे. पटावर साहेब आणि रयत असा भेद टिकत नाही. खेळी बरोबर असते किंवा चूक असते.

त्याच वर्षांत तिकडे ब्रिटनमध्येही असाच सामना चालला होता. लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या क्लबांनी १८२४ ते १८२८ अशी चार वर्षे टपालाने पाच डाव खेळले. एडिंबराने दोन जिंकले, लंडनने एक, आणि दोन बरोबरीत सुटले. त्या सामन्यावरूनच ‘स्कॉच’ या सुरुवातीला नाव पडले. गंमत अशी, की ती सुरुवात आधी खेळली लंडनने, जॉन कॉक्रन या आपल्या तरुण खेळाडूच्या आग्रहावरून. डाव अर्ध्यात असताना हा कॉक्रन जहाजात बसून हिंदुस्थानला निघून आला. मागे राहिलेल्यांना पुढची वाट सापडेना, लंडनने डाव गमावला आणि एडिंबराने ती सुरुवात उचलली. हा जॉन कॉक्रन पुढे कलकत्त्यात बॅरिस्टर झाला. तिथे महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी त्याने शेकडो डाव खेळले. बॅनर्जींच्या मांडणीतूनच आजच्या ‘इंडियन डिफेन्स’ या नावाचा उगम झाला. मद्रासचा जेम्स वेगळा आणि कलकत्त्याचा जॉन वेगळा, एवढे ध्यानात ठेवावे.

दिलेला घोडा

आता मुझिओ म्हणजे काय ते पाहू, कारण मामूंचा डाव तोच होता.

पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे काढतो, काळाही तसेच. पांढरा लगेच राजाच्या उंटापुढचे प्यादे पुढे करून फुकट देऊ करतो. काळा ते मारतो. मग पांढऱ्याचा घोडा बाहेर येतो आणि काळा मिळवलेले प्यादे राखण्यासाठी बाजूचे प्यादे दोन घरे काढतो. पांढरा उंट काढतो. काळा तेच प्यादे आणखी पुढे सरकवतो आणि घोड्यावर हल्ला करतो. इथे कोणताही शहाणा माणूस घोडा वाचवील. मुझिओ खेळणारा घोडा तिथेच सोडतो आणि किल्लेकोट करतो. पाचव्या खेळीला अख्खा घोडा दान!

बदल्यात त्याला मिळते मोकळी रांग, बाहेर आलेली फौज आणि मध्यावर अडकलेला काळा राजा. जमाखर्चाच्या वहीत घोडा गेलेला दिसतो. वेळेच्या वहीत मात्र पांढरा चार पावले पुढे असतो. चुकला तर वीस खेळ्यांत संपला, बरोबर खेळला तर काळा संपला. तिखट सुरुवात म्हणतात ती ही.

या सुरुवातीच्या नावाचीही एक गोष्ट आहे. इटलीतल्या साल्व्हिओने १६३४च्या पुस्तकात या डावाचा उल्लेख केला. डाव खेळला जेरोनिमो काशो नावाच्या माणसाने. मुझिओने तो फक्त पाहिला आणि साल्व्हिओला सांगितला. पुढे इंग्रजी भाषांतराच्या वाटेने नाव चिकटले ते सांगणाऱ्याचे. खेळणारा राहिला बाजूलाच. इतिहासात हे काही नवे नाही. वास्तू बांधणारा गवंडी विसरला जातो आणि फलकावर उद्घाटन करणाऱ्याचे नाव राहते.

गुलाम कासिमच्या वाट्याला उलटे आले. पाचव्या खेळीला घोडा सोडून किल्लेकोट करण्याऐवजी वजिरापुढचे प्यादे दोन घरे काढायचे, घोडा तरीही मरू द्यायचा, अशी एक शाखा आहे. मामूंच्या आकड्यांत ४२४४. जगभरच्या पुस्तकांत त्या शाखेचे नाव ‘गुलाम कासिम गॅम्बिट’ आहे. १८४४ मध्ये तो वारला. त्याच्यानंतर मद्रास इलाखा गेला, कंपनी गेली, निजाम गेला. लंडनचा किंवा मॉस्कोचा मुलगा आज राजाच्या गॅम्बिटचे पुस्तक उघडतो, तेव्हा चार खेळ्या संपल्यावर त्याला मद्रासचा एक मुसलमान भेटतो.

आपल्याकडे वारशाची चर्चा किल्ले, मकबरे आणि मशिदींभोवती फिरते. कुणी काय बांधले, कुणी काय पाडले. गुलाम कासिमचा वारसा दगडाचा नाही. तो पाडता येत नाही आणि त्याच्यावर हक्क सांगायला कोर्टातही जाता येत नाही. तो खेळायचा असतो, आणि खेळायला समोर दुसरा लागतो.

बरोबरी म्हणजे काय

बरोबरी कशाला म्हणायचे, हेही काळागणिक बदलत आले. शतरंजमध्ये समोरच्याच्या साऱ्या सोंगट्या मारून राजा एकटा पाडला की विजय होई. पण एकटा पडलेला राजा पुढच्याच खेळीत तुमचीही शेवटची सोंगटी मारू शकत असेल तर? बहुतेक इस्लामी जगात तो डाव बरोबरीचा धरत. मदिनेत मात्र पहिल्यांदा राजा एकटा पाडणाऱ्याला विजयी मानत. शह नाही पण हलायलाही जागा नाही, अशी राजाची कोंडी झाली तर शतरंजमध्ये कोंडी करणारा जिंके. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कोंडी करणाराच हरे. आज ती बरोबरी आहे. म्हणजे हार कुठली, जीत कुठली आणि समेट कुठला, हे माणसांनीच वेळोवेळी ठरवले.

समोरासमोरच्या खेळात दोघे थकतात आणि हात मिळवतात, म्हणून बरोबरीला आपण थोडे हलके मानतो. टपालाच्या डावात थकवा नसतो. घरी बसून, सोंगट्या हलवून पाहून, पुस्तके उघडून दिवसचे दिवस विचार करता येतो. अशा वेळी घोडा दान देऊन पेटवलेला डाव बरोबरीत सुटला, तर त्याचा अर्थ दोघांनीही चूक केली नाही असा होतो. आता तर संगणकाच्या मदतीने टपालाचे, म्हणजे आता इंटरनेटवरचे, वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीतच सुटतात. आज कमी पडते ती चूक. १९९२ मध्ये मामू आणि मास्तर यांच्याकडे संगणक नव्हता. चूक करायला पुरेशी जागा होती.

मामूंचा डाव

मामू पांढरे होते. पाचव्या खेळीला त्यांनी ५१७१ लिहिले, म्हणजे किल्लेकोट. मास्तरांचे उत्तर आले ७४६३, घोडा गेला. त्याखाली मास्तरांनी एक ओळ लिहिली होती : ‘घेतला, पण भीतभीतच.’

बाराव्या खेळीपर्यंत दोघे पुस्तकातल्या जुन्या वाटेने गेले. काळा राजा किल्लेकोट न करता वजिराच्या घरात येऊन उभा राहिला. मामूंनी वजीर मागे घेतला, ६३५२, म्हणजे राजाच्या रांगेत. धमकी सरळ होती. मास्तरांनी आपला वजीर त्याच्यासमोर आणून ठेवला, ६५५६. घ्यायचा असेल तर घ्या, वजिरावजिरी झाली की माझ्याकडे घोडा जास्त.

मास्तरांचे हे कार्ड १९९२च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पनवेलला पोचले. त्या आठवड्यात काय झाले ते सांगायला नको. अयोध्येत मशीद पडली आणि मुंबई पेटली. आमच्या घरी मुंबईचे नातेवाईक आले, एका खोलीत अकरा माणसे झोपू लागली. जानेवारीत पुन्हा तेच, जास्त भयंकर. पट कपाटावर गेला. कार्ड कुठे ठेवले ते मामूंनाही आठवेना.

टपाल-बुद्धिबळाचा नियम त्या काळी असा होता : दहा खेळ्यांना तीस दिवस, टपालातला वेळ वगळून. उत्तर आले नाही तर आधीची खेळी पुन्हा पाठवून आठवण करायची, आणि तरीही उत्तर नसेल तर स्पर्धेच्या संचालकाकडे तक्रार करून डाव मागायचा. मास्तरांना तो डाव बसल्या जागी मिळाला असता. गठ्ठ्यात जानेवारीच्या अखेरचे त्यांचे कार्ड आहे. वर ६५५६, ‘पुन्हा पाठवत आहे.’ खाली लिहिले आहे : ‘वर्तमानपत्र वाचतो. घरची सर्व मंडळी सुखरूप असल्याचे कळवावे. खेळीची घाई नाही. वेळ मी मोजत नाही.’

मामूंनी उत्तरात काय लिहिले ते मला कळायचा मार्ग नाही, ती कार्डे विदर्भात गेली. खेळी मात्र कळते, कारण मास्तरांनी पुढच्या कार्डावर ती उतरवून घेतली आहे : ५२६३, वजीर परत मूळ जागी. मास्तर ५६६५, तेही परत. मामू ६३५२. मास्तर ६५५६. मामू ५२६३. मास्तर ५६६५. तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली. नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला, सोळाव्या खेळीला.

पुढे मी मोठा झालो, पुस्तके पाहिली. मुझिओच्या या फाट्यावर दोन्ही वजिरांनी असे मागेपुढे करत राहणे ही नोंदलेली बरोबरी आहे. तेराव्या खेळीला उंट सरकवून पांढऱ्याला वेगळ्या वाटेने लढत राहताही येते. मी मामूंना विचारले होते, तुम्ही दुसरी वाट का नाही घेतली? ते म्हणाले, ‘घेतली असती. सहा दिवस पाहिली. पण जो माणूस वेळ मोजत नाही म्हणाला, त्याच्याशी खेळताना जुगार खेळावासा वाटला नाही.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘आणि ती वाट मला नीट दिसतही नव्हती. उगाच मोठेपणा कशाला घेऊ?’

दोन्ही कारणे खरी असावीत.

गुलाम कासिमचे हैदराबादकडचे डाव हरकाऱ्यांच्या थैलीतून गेले. मामूंचे डाव लाल पेटीतून. दोन्ही वेळी थैली वाहणाऱ्याला आत कुणाची खेळी आहे, कोणत्या धर्माच्या माणसाने कोणत्या धर्माच्या माणसाला शह दिला आहे, याच्याशी देणेघेणे नव्हते. त्याचे काम पोचवण्याचे होते.

शेवटचे कार्ड मे महिन्यातले. ५६६५च्या खाली मास्तरांनी लिहिले आहे, ‘बरोबरी मान्य असावी. पुढच्या वेळी पांढरे माझे. घोडा मीही देऊन पाहीन.’

पुढचा डाव झाला. तो गठ्ठा वेगळा आहे. त्यात मामू हरले.